लिटरमागं अर्धा किलोमीटर

उद्यमनगरात, लेथच्या आवाजात
दस्तगीर शिकलगार गाडीपुढं उकिडवा बसला,
टायरच्या गालावरची धूळ अंगठ्यानं पुसली.
"वाचा वहिनी."
एकशे पंच्याऐंशी, सत्तर, आर, पंधरा.
वाचलं. समजलं काहीच नाही.

तसं मापाशी माझं वाकडं नाही.
महाद्वार रोडला एकोणतीस वर्षं बांगड्या भरते.
हात हातात घेतला, अंगठ्याचं मूळ दाबलं
की तोंडातून आपोआप निघतं : दोन-सहा.
दोन-सहा म्हणजे दोन पूर्णांक सहा दशांश नव्हे;
दोन इंच, आणि वर इंचाच्या सोळा भागांतले सहा.
आकडा दिसतो तसा नसतो
हे मला कुणी शिकवायला नको.

"मग हे बी तसंच," दस्तगीर म्हणाला.
"एकशे पंच्याऐंशी ही रुंदी, मिलिमीटरात.
सत्तर मिलिमीटर न्हवं हां, टक्के.
रुंदीच्या शेकडा सत्तर, एवढी उंची, रिमपास्नं रस्त्यापतोर.
आर म्हंजे रेडियल. लोकं रेडियस समजत्यात, समजू द्यात.
पंधरा हे इंच, रिमचं."
एका ओळीत मिलिमीटर, टक्के, इंच.
एका नळावर तीन जावा.

मग त्यानं दार उघडून खांबावरचा कंपनीचा कागद दाखवला :
एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा.
"सत्तर कुणी घातलं?"
घेतली तेव्हापासून हेच. गारगोटीच्या डॉक्टरांची जुनी गाडी.
मधे एकदा बदलले, तेव्हा दुकानदार म्हणाला
जे हाय तेच टाकू. टाकलं.

खडूनं त्यानं फरशीवर गणित मांडलं.
पासष्टचं चाक सहाशे एकवीस, सत्तरचं सहाशे चाळीस.
"मीटर बिचारा फेरे मोजतोय,
त्याला काय ठाऊक फेरा केवढा?
शंभर दाखवतोय तवा तुमी एकशेतीन गेलायसा."

मी स्टुलावर बसले ती बसलेच.

ह्यांची वही. नऊ वर्षं, निळ्या शाईत :
तारीख, लिटर, मीटर, भागाकार.
साडेसतरा. साडेसतरा. सतरा पूर्णांक चार.
"अठरा द्यायला पाहिजे.
लिटरमागं अर्धा किलोमीटर जातो कुठं?"
आणि एका दिवाळीच्या तोंडावर, शाहूपुरीच्या पंपावर
चारचौघांत ह्यांनी बाबगोंडा मगदूमांना चोर म्हटलं.
शाळेतला मित्र. एका बाकावरचा.
मगदूम बोलले नाहीत. पाच लिटरचं माप आणून
भरून दाखवलं, काठोकाठ.
हे म्हणाले, मापातच खोट असेल.

तेव्हापासून पेट्रोलला पार तावडे हॉटेलपर्यंत जातो.
तिथंही साडेसतराच.
"सगळे एका माळेचे मणी," हे म्हणाले.

चारी टायर पासष्टचे घालून घरी आले.
गुडघ्याच्या ऑपरेशनपासून गाडी माझ्याकडे,
वही तेवढी ह्यांच्याकडे.
सांगितलं. ह्यांनी पेन काढलं.
साडेसतरा गुणिले एकशेतीन, भागिले शंभर.
अठरा. अठराला किंचित वर.
दुसरं पान काढलं. तिथंही अठरा.
"वाढू का?"
"थांब."
आमटी निवली. पानं उलटत राहिली.

सकाळी दुकानाला निघाले तर हे काठी घेऊन
आधीच गाडीत बसलेले.
शाहूपुरीकडे वळव म्हणाले नाहीत.
मी वळवली, तर नको म्हणाले नाहीत.

मगदूम केबिनच्या दारात आले. पांढरे झालेत पार.
आले नि तिथंच उभे राहिले.
नळी लावून पोरगा नेहमीचं म्हणाला,
"काका, झिरो बघा."
काचेबाहेर न बघता, मांडीवरची वही मिटत
हे म्हणाले,
"बघायला नको. भर तू."